पोट किती वेगाने रिकामं होतं ते बघायला रेडिओअ‍ॅक्टिव्ह खाणं देतात म्हणे, कोणी केलीये का ही टेस्ट?

सावळागोंधळ:

आईसाठी विचारतोय, जरा सविस्तर लिहितो म्हणजे नंतर पुन्हा पुन्हा विचारायला नको. आईला बऱ्याच वर्षांपासून डायबेटिस आहे आणि हल्ली दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, मळमळ तर कायमचीच, आणि कधी कधी संध्याकाळी उलटी झाली तर सकाळचं खाल्लेलं त्यात जसंच्या तसं दिसतं. सोनोग्राफी केली, नॉर्मल. एंडोस्कोपी केली, थोडी सूज सोडली तर तीही नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतायत गॅस्ट्रिक एम्प्टीइंग स्कॅन करू, न्यूक्लियर मेडिसिन डिपार्टमेंटमध्ये होतो, खाण्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ मिसळून देतात आणि मग कॅमेऱ्याने बघतात.

न्यूक्लियर हा शब्द कानावर पडल्यापासून आईने धसका घेतलाय, "मला नाही खायचं ते अणूचं जेवण" म्हणून हटून बसलीये. तिला समजवायचं तर आधी मला कळायला हवं ना. एंडोस्कोपीत आतून सगळं बघितलंच की, मग यात वेगळं काय दिसणार? रेडिएशन किती जातं? घरात बहिणीचं तान्हं बाळ आहे, आई त्याला दिवसभर मांडीवर घेऊन बसते, तिला लांब ठेवायला लागेल का? आणि ते खाणं म्हणजे अंडं असतं असं कळलं, आई अंडं खात नाही. नेटवर वाचायला गेलो तर चेर्नोबिलपर्यंत पोचलो म्हणून इथे विचारतोय.


रात्रपाळी:

न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, हे स्कॅन आमच्याकडे नेहमीचेच आहेत. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकी सांगतो.

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. एंडोस्कोपी म्हणजे मिक्सरचं झाकण उघडून पातं धड आहे का ते बघणं, आणि हा स्कॅन म्हणजे मिक्सर चालू करून त्यात खरंच वाटलं जातंय का ते बघणं. जठराचं काम नुसतं साठवायचं नाही, खालचा भाग अन्न घुसळून घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण करतो आणि मग पुढच्या तोंडातून थोडं थोडं आतड्यात सोडतो. डायबेटिसमध्ये बऱ्याच वर्षांनी व्हेगस नर्व्ह (जठराला हुकूम देणारी नस) आणि जठराच्या भिंतीतल्या पेशी खराब होतात आणि हे घुसळणं मंदावतं, त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. आतलं अस्तर एकदम छान गुलाबी दिसेल, अल्सर नाही गाठ नाही, तरी अन्न तासन्‌तास तिथेच पडून. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सीटी हे सगळे आकार दाखवतात. वेग मोजायचा तर अन्नालाच खूण करून ते कुठे पोचलं ते बघत राहावं लागतं, आणि ट्रेसर म्हणजे तीच खूण.

खूण कसली तर टेक्नेशियम-९९एम नावाचं रेडिओआयसोटोप (किरण सोडणारं मूलद्रव्य), सल्फर कोलॉइडला म्हणजे गंधकाच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेलं. हे कोलॉइड आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, अन्नाबरोबर येतं आणि अन्नाबरोबरच शौचावाटे जातं. डोस अर्धा ते एक मिलिक्युरी, म्हणजे हाडांच्या स्कॅनला जेवढं देतात त्याच्या मानाने अगदीच थोडं. शरीराला मिळणारं रेडिएशन एक मिलिसिव्हर्टच्या आत असतं. माणूस कुठेही न जाता, काहीही न करता जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेतोच, आणि पोटाच्या एका सीटीत ८-१० सहज होतात. सीटी म्हटलं की कोणी घाबरत नाही आणि आमच्या दारावर पिवळा त्रिकोण बघितला की लोक मागे फिरतात, हे रोजचंच.

बाळाचं म्हणाल तर एवढ्या डोसला आम्ही पेशंटला घरच्यांपासून वेगळं राहा असं सांगत नाही. तरी ज्या दिवशी स्कॅन आहे त्या दिवशी बाळाला तासन्‌तास मांडीवर न घेता थोडं कमी घ्या म्हणावं, टॉयलेटला जाऊन आल्यावर हात नीट धुवा, झालं. तुमची बहीण बाळाला अंगावर पाजत असेल तर तिला काहीच फरक नाही, स्कॅन तिचा नाहीये. गरोदर बाईचा किंवा पाजणाऱ्या आईचा स्वतःचा स्कॅन असेल तर मात्र आधीच सांगायचं.

अंड्याचं जरा निवांत लिहितो, आता शिफ्ट सुरू होतेय.


चष्मिष:

माझा झालाय हा स्कॅन त्यामुळे पेशंटच्या बाजूने सांगते. सगळ्यात आधी आईंना सांगा की दुखत काहीच नाही, सुई नाही, नळी नाही, मशीनच्या बोगद्यात घालत नाहीत. रात्रीपासून उपाशी जायचं, गेल्यावर अंडं-ब्रेड-जॅम आणि पाणी देतात, दहा मिनिटांत संपवायचं, चवीत काही फरक कळत नाही (मळमळ असताना थंडगार अंड्याचा पांढरा भाग खाणं ही काही सुखाची गोष्ट नाही पण ते रेडिएशनमुळे नव्हे). मग कॅमेऱ्यासमोर मिनिटभर उभं राहायचं किंवा झोपायचं, आणि बाहेर येऊन बसायचं. पुन्हा एक तासाने, दोन तासांनी, आणि शेवटचा फोटो चार तासांनी. मध्ये काही खायचं नाही, सिगरेट नाही, फार फिरायचंही नाही. सगळा वेळ कंटाळा येतो एवढंच, एखादं पुस्तक किंवा विणकाम बरोबर द्या.

पण एक गोष्ट फार आवर्जून सांगते. माझा पहिला स्कॅन एका ठिकाणी झाला तिथे नुसतं पातळ पेय दिलं आणि दीड तासात "नॉर्मल आहे, जा" म्हणून मोकळे झाले. मग पुढे कितीतरी महिने मला सगळे मानसिक आहे, टेन्शन घेऊ नका, योगा करा असंच सांगत राहिले, घरचे पण तेच. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघूनच बाजूला ठेवला आणि घट्ट अन्न देऊन पूर्ण चार तासांचा करायला लावला, त्यात सरळ दिसलं. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, खाणं घट्ट देणार का आणि चार तासांपर्यंत फोटो काढणार का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.


रात्रपाळी:

चष्मिषताईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. पाणी आणि पातळ पदार्थ जठरातून जवळपास आपसूक उतरतात, घुसळायची गरजच नसते, त्यामुळे जठर चांगलंच मंद असलं तरी पातळ पेय वेळेत निघून जाऊ शकतं. घट्ट अन्नात आधी दळण चालतं, तेवढा वेळ काहीच बाहेर पडत नाही, मग एका लयीत रिकामं व्हायला लागतं. काहीजणांचं सुरुवातीला व्यवस्थित चाललेलं असतं आणि गाडी नंतर अडकते, ते दोन तासांच्या आत कळतच नाही.

२००८ साली अमेरिकेतल्या न्यूक्लियर मेडिसिन आणि पोटाच्या हालचालींवर काम करणाऱ्या सोसायट्यांनी मिळून एक पद्धत ठरवली, आता बहुतेक चांगल्या ठिकाणी तीच वापरतात. अंड्याचा पांढरा बलक १२० ग्रॅम, ब्रेडचे दोन स्लाइस, ३० ग्रॅम जॅम, १२० मिली पाणी, सगळं मिळून साधारण २५५ कॅलरी. दोन तासांनी ६० टक्क्यांहून जास्त शिल्लक किंवा चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर पोट मंद. उलट एका तासातच ३० टक्क्यांहून कमी उरलं तर फार वेगाने रिकामं होतंय, ते पण दुखणंच आहे, आणि लक्षणं कधी कधी इतकी सारखी असतात की न मोजता औषध दिलं तर उलटंच व्हायचं.

आता अंडंच का. ट्रेसर कच्च्या पांढऱ्या बलकात आधी मिसळायचा आणि मग शिजवायचा, तेव्हा तो प्रोटीनमध्ये घट्ट बसतो. शिजलेल्या अंड्यावर वरून टाकला तर जठरातल्या रसात सुटतो, पाण्याबरोबर पुढे पळतो, आणि अन्न जागेवरच असताना कॅमेऱ्याला वाटतं पोट किती छान रिकामं होतंय. आमच्यात नवीन मुलं आली की पहिली ही गोष्ट डोक्यात बसवावी लागते.

अंडं चालत नसेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं खाणं देणारी सेंटर्स आहेत, काही ठिकाणी ओट्स वगैरे देतात. फक्त दोन प्रश्न विचारा, ट्रेसर त्या खाण्यात नीट चिकटतो हे तपासलंय का, आणि त्या खाण्यासाठी निरोगी लोकांचे तुमचे स्वतःचे आकडे आहेत का. मी वर दिलेले ६० आणि १० हे त्या ठरलेल्या जेवणाचे आहेत. जास्त तेलतुपाचं किंवा जास्त कॅलरीचं खाणं कोणाच्याही पोटात जास्त वेळ राहतं, मग धडधाकट माणूस पण आजारी ठरेल.


नको_ते_प्रश्न:

माझा स्वभाव खवचट आहे, माफी असावी, पण "कमी रेडिएशन" हे सगळेच म्हणतात. रेडिएशन न लावता होण्यासारखी टेस्ट असताना हे का करायचं? श्वासाची टेस्ट असते ना, फुंकर मारायची आणि झालं. ती वापरली की हा सगळा पिवळा त्रिकोण प्रकारच नको. की मशीन घेऊन ठेवलंय म्हणून चालवायचं?


अर्धायुष्य_पूर्णवेळ:

@नको_ते_प्रश्न प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे. फिजिक्स शिकवतो, पोटाचं मला कळत नाही, पण कार्बनचं सांगू शकतो कारण इथे दोन वेगवेगळ्या फुंकरीच्या टेस्टची नेहमी खिचडी होते.

पोट रिकामं होण्याची फुंकर टेस्ट असते त्यात कार्बन-१३ घातलेलं अन्न देतात. कार्बन-१३ रेडिओअ‍ॅक्टिव्ह नाहीच, नुसता थोडा जड कार्बन आहे, आत्ता तुमच्या नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेतही एक टक्क्याच्या आसपास तोच असतो. अन्न जठरातून आतड्यात गेलं, तिथे शोषलं गेलं, लिव्हरने जाळलं, फुप्फुसातून बाहेर आलं की श्वासात तो वाढलेला दिसतो. आता या साखळीत बघा जठर ही फक्त पहिली कडी आहे. शोषण नीट होत नसेल किंवा लिव्हरचा, फुप्फुसाचा आजार असेल तर पोट व्यवस्थित असूनही आकडा चुकतो. या स्कॅनचा गामा कॅमेरा तसा अंदाज बांधत नाही, अन्न जिथे आहे तिथूनच येणारे किरण मोजतो. म्हणजे फुंकर वाईट नाही, पण ती दूरवरून ऐकलेली बातमी आहे.

दुसरी फुंकर टेस्ट हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी, अल्सरवाला, ज्याच्यासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यात युरिया गिळायला देतात, जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि कार्बन श्वासात येतो, जंतू नसला तर येत नाही. ही कार्बन-१३ नेही करतात आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह कार्बन-१४ नेही. इथे लोक घाबरतात ते असं की कार्बन-१४ चं अर्धायुष्य (निम्मे अणू विझायला लागणारा वेळ) ५७३० वर्षं! बापरे, पाच हजार वर्षं पोटात राहणार! तर नाही. अर्धायुष्य हा अणूचा हिशोब, तो तुमच्या अंगात किती दिवस टिकतो हा शरीराचा हिशोब, आणि शरीर त्यातलं बहुतेक थोड्या दिवसांत श्वासातून आणि लघवीतून टाकून देतं. शिवाय डोस एक मायक्रोक्युरी, म्हणजे वर रात्रपाळींनी सांगितलेल्या एक मिलिक्युरीच्या हजारावा भाग. उलट अर्धायुष्य जितकं मोठं तितका तेवढ्याच अणूंमधून दर सेकंदाला निघणारा किरणांचा मारा कमी, हे लोकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं.

टेक्नेशियमचं सहा तास. सावळागोंधळ, आईंना हा हिशोब सांगा: सहा तासांनी निम्मं, बारा तासांनी पाव, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्सा, दोन दिवसांनी अडीचशेवा हिस्साही नाही. आणि हा फक्त आपोआप विझण्याचा हिशोब झाला, पोट साफ होऊन बाहेर गेलेलं वेगळंच.

याच्यामुळे स्कॅनमध्ये एक गंमत होते. चार तासांत टेक्नेशियम स्वतःहूनच जवळपास ३७ टक्के विझतं. म्हणजे समजा एखाद्याचं जठर ठप्प आहे, एक कणही पुढे गेला नाही, तरी कॅमेऱ्यात चार तासांनी किरण ६३ टक्केच दिसणार आणि वाटणार की वा, एक तृतीयांशाहून जास्त रिकामं झालं. म्हणून प्रत्येक आकड्याला वेळेप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. रात्रपाळी, कॉम्प्युटर करतो का हे आपोआप?


रात्रपाळी:

करतो, पण वेळ बरोबर टाकलेली असेल तर. दुसरी एक दुरुस्ती असते ती पेशंटच्या लक्षातही येत नाही. जठर पोटात तिरकं बसलेलं असतं, वरचा फुगीर भाग पाठीच्या बाजूला आणि खालचा भाग पुढे. अन्न खाली सरकतं तसं ते कॅमेऱ्याच्या जवळ येतं. नुसता समोरून फोटो काढला तर दुसऱ्या फोटोत अन्न वाढलेलं दिसतं, खाल्ल्यावर तासाभराने पोटात आधीपेक्षा जास्त अन्न! म्हणून पुढून आणि मागून दोन्ही फोटो काढायचे आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घ्यायचं. कॅमेरा दोन डोक्यांचा असतो तो यासाठी बरा पडतो. नको_ते_प्रश्न साहेब, मशीन घेऊन ठेवलंय ते हाडं, हृदय, थायरॉइड, किडनी सगळ्यांसाठी, एकट्या पोटाच्या जिवावर कोणाचं मशीन चालत नाही.


नको_ते_प्रश्न:

बरं. पटलं असं नाही म्हणणार, पण वर्गमूळ आवडलं.


अर्धायुष्य_पूर्णवेळ:

जाता जाता एक. ट्रेसर हा प्रकार सुचला तो हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाला, त्याबद्दल त्याला रसायनशास्त्राचं १९४३ चं नोबेल मिळालं. त्याची गोष्ट अशी सांगतात की १९११ च्या सुमारास तो मँचेस्टरला एका बाईच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायचा आणि त्याला संशय होता की ही बाई उरलेलं अन्न आठवडाभर फिरवून फिरवून वाढते. बाई ते मानेना. मग त्याने एके दिवशी ताटात उरलेल्या अन्नात चिमूटभर रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ घातला आणि पुढे जेवणात उपकरणाने तपासलं तर हजर! गोष्टीत तिखटमीठ किती ते देव जाणे, पण म्हणजे अन्नाचा माग काढायलाच ही युक्ती पहिल्यांदा वापरली असं मानायला हरकत नाही. टेक्नेशियम मात्र बरंच नंतरचं, १९३७ मध्ये पेरिए आणि सेग्रे यांनी इटलीत पालेर्मोला शोधलं.


उंटावरचा_शहाणा:

धागा हायजॅक करतोय पण विषय जवळचा आहे. बायकोला उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतं, जेवल्यावर जास्त, सोनोग्राफीत खडे नाहीत. तिला पण न्यूक्लियरवालाच स्कॅन सांगितलाय पण नाव वेगळं आहे, हायडा की काय. तेच का हे? तिला पण अंडं खायला देणार?


रात्रपाळी:

नाही, वेगळा आहे. टेक्नेशियम तेच पण सोबतचं रसायन वेगळं, आणि सगळा खेळ त्या रसायनाचाच असतो. हायडामध्ये मेब्रोफेनिनसारखं औषध शिरेतून देतात, लिव्हर ते रक्तातून उचलून पित्तात सोडते, म्हणजे इथे अन्नाऐवजी पित्ताला खूण केली. मग ते पित्ताशयात भरतं का, आणि तिथून आतड्यात उतरतं का ते बघायचं. पित्ताशय दिसलंच नाही तर तोंडाशी नळी बंद आहे, पित्ताशयाला सूज असण्याची शक्यता. दिसलं तर पुढे सिंकालाइड नावाचं हार्मोनसारखं औषध तासभर हळूहळू सोडून पित्ताशय किती पिळलं जातं ते मोजतात, ३८ टक्के किंवा जास्त म्हणजे ठीक. रेडिएशन पोटाच्या स्कॅनपेक्षा जास्त, तीन मिलिसिव्हर्टच्या आसपास, तरी सीटीपेक्षा कमीच.

वहिनींना दोन गोष्टी सांगा. चार-सहा तास उपाशी जायचं, पण जास्त चांगलं म्हणून दोन दिवस उपाशी जाऊ नका, चोवीस तासांच्या वर उपास झाला की पित्ताशय आधीच गच्च भरलेलं असतं, नवीन पित्त आत शिरत नाही आणि नसलेला आजार दिसतो. आणि दुखण्यावर मॉर्फिनच्या जातीचं काही घेत असतील, ट्रॅमाडॉल वगैरे, तर आधी सांगा, त्याने पित्तनळीचं तोंड आवळतं. आणि आकडा ३८ च्या खाली आला म्हणून लगेच पित्ताशय काढायला धावू नका, बाकी कशाने दुखत नाहीये ना हे आधी बघायला हवं.


चष्मिष:

अजून पण असतात ना पोटाचे असे? माझ्या शेजारी तेव्हा एक छोटा मुलगा होता, त्याला शौचातून रक्त जात होतं म्हणून आणलं होतं.


रात्रपाळी:

मेकेल स्कॅन असणार. शंभरातल्या साधारण दोघांच्या लहान आतड्याला जन्मजात एक छोटी पिशवी राहिलेली असते. कधी कधी त्या पिशवीत चुकून जठराचं अस्तर असतं, ते आम्ल सोडतं आणि शेजारचं आतडं भाजून रक्त येतं. इथे टेक्नेशियमला काहीही जोडायचं नाही, नुसतंच परटेक्नेटेट (टेक्नेशियमचं साधं क्षाराचं रूप) शिरेतून द्यायचं, जठराचं अस्तर जिथे असेल तिथे ते जाऊन बसतं. कॅमेऱ्यात जठर उजळतं आणि त्याच वेळेला खाली भलत्याच ठिकाणी एक ठिपका उजळतो. मला आमच्याकडचा सगळ्यात सुंदर स्कॅन हाच वाटतो. मुलांना भूल द्यायला लागत नाही बहुतेक वेळा, कार्टून लावून पडून राहतात.

मोठ्यांमध्ये रक्त कुठून जातंय ते सापडत नसेल तर पेशंटच्याच लाल पेशींना टेक्नेशियम लावून परत सोडतात आणि रक्त आतड्यात कुठे गळतंय ते बघतात, मिनिटाला ०.१ मिलीइतकी बारीक गळतीसुद्धा पकडता येते. आणि रक्त थांबून थांबून जात असेल तर फोटो दिवसभर काढता येतात, याचा फायदा फार. फक्त नेमकं ठिकाण सांगायला हा स्कॅन जरा कच्चा आहे, पोटाच्या कुठल्या भागात ते कळतं, पुढे अँजिओग्राफी वगैरे करावी लागते.

मोठ्या आतड्याची गती बघायची तर टेक्नेशियम पुरत नाही, तिथे प्रवासच दोन-तीन दिवसांचा, तोपर्यंत ते विझून जातं. त्याला इंडियम-१११ वापरतात, त्याचं अर्धायुष्य २.८ दिवस. आणि पित्ताम्ल शोषली न गेल्याने सारखे जुलाब होतात त्यांच्यासाठी सेलेनियम-७५ ची गोळी असते, ती गिळली की सात दिवसांनी किती उरलं ते मोजायचं, १५ टक्क्यांपेक्षा कमी उरलं तर निदान झालं. ती सगळीकडे मिळत नाही.


सावळागोंधळ:

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अर्धायुष्यवाला हिशोब आईला कागदावर लिहून दिला, शिक्षिका होती ती, निम्मं-पाव-सोळावा भाग बघून म्हणाली हे आधी का नाही सांगितलंस. तयार झाली. अंड्याऐवजी ओट्स देणारं सेंटर मिळालं, त्यांच्याकडे स्वतःचे नॉर्मल आकडे आहेत असं फोनवर सांगितलं.

आता अजून थोडं. आई मळमळीसाठी डॉमपेरिडोन घेते, रोज. इन्शुलिन पण घेते, मग उपाशी कसं न्यायचं? आणि हल्ली आठवड्यातून एकदा घ्यायचं ते नवीन इंजेक्शन पण सुरू केलंय शुगर आणि वजनासाठी, सेमाग्लुटाइड. डॉमपेरिडोनचं सेंटरवाल्यांनी सांगितलं, बाकीचं कोणी विचारलंच नाही.


रात्रपाळी:

सेमाग्लुटाइड!! अहो हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. त्या जातीची औषधं स्वतःच जठर मंद करतात, त्यांचं काम करण्याच्या पद्धतीतच ते आहे. ते चालू असताना स्कॅन केला आणि मंद आला तर डायबेटिसमुळे की इंजेक्शनमुळे हे कोण सांगणार? मळमळ इंजेक्शन सुरू झाल्यावर वाढली का ते आठवून बघा. स्कॅन आधी की इंजेक्शन थांबवून मग स्कॅन, हे शुगरच्या डॉक्टरांनी आणि पोटाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं, तुम्ही मध्ये निरोप्या बनू नका, दोघांना फोनवर जोडून द्या.

डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, एरिथ्रोमायसिन ही पोट ढकलणारी, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं, काही जुलाब थांबवणारी ही पोट रोखणारी, दोन्ही प्रकार साधारण दोन दिवस आधी बंद करतात, डॉक्टरांना विचारूनच. इन्शुलिन नेहमीएवढं घेऊन उपाशी आणू नका, बहुतेक ठिकाणी डोस कमी करून खाण्याच्या वेळेला घ्यायला सांगतात, किती ते डॉक्टर सांगतील. आणि त्या सकाळी शुगर तपासायचीच. शुगर खूप चढलेली असली की त्यानेच पोट मंदावतं, २७५ च्या वर असेल तर आम्ही स्कॅन पुढे ढकलतो. सकाळची अपॉइंटमेंट घ्या, डायबेटिसवाल्यांना दुपारपर्यंत उपाशी ठेवू नये.


सावळागोंधळ:

उशिरा लिहितोय. दोन्ही डॉक्टर बोलले, इंजेक्शन काही आठवडे बंद ठेवलं, मळमळ थोडी कमी झाली पण गेली नाही, मग स्कॅन केला. त्या दिवशी शुगर १६० होती. दोन तासांनी ६८ टक्के शिल्लक, चार तासांनी २४ टक्के. त्यांच्या ओट्सच्या हिशोबाने पण मंदच. रिपोर्टमध्ये "मध्यम" लिहिलंय. मध्यम म्हणजे किती काळजी करायची? आणि पुढच्या वर्षी परत करून सुधारलंय का ते बघायचं का?


रात्रपाळी:

चार तासांनी ११ ते २० टक्के उरलं तर सौम्य, २१ ते ३५ मध्यम, ३६ ते ५० तीव्र, त्याच्या वर अतितीव्र असे गट पाडलेत, ते २००८ च्याच पद्धतीतले, अंड्याच्या जेवणावरचे. तुमच्याकडे ओट्सवर तेच लावलेले दिसतायत. पण या आकड्यावरून आईंना किती त्रास होईल ते ठरत नाही. ४० टक्केवाले आरामात जेवणारे बघितलेत आणि १५ टक्केवाले पार बेजार झालेले पण. त्यामुळे दर वर्षी आकडा बघत बसण्यात फारसा अर्थ नाही, औषध लागू पडतंय का ते जेवण, वजन आणि शुगर यावरून कळतं. परत स्कॅन लागतो तो काही मोठा निर्णय घ्यायचा असला तर, किंवा लक्षणं एकदम बदलली तर.


चष्मिष:

मला आहारवाल्या मॅडमनी दिलेलं सांगते, तुमच्या डॉक्टरांना दाखवून मगच करा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी, तूपतेल कमी, सालं आणि चोथा असलेल्या भाज्या कमी (एरवी सगळे चोथा खा म्हणतात, इथे उलटं), आणि जास्त त्रासाच्या दिवशी सरळ मिक्सरमधून काढून पातळ, कारण पातळ उतरतं ते वर लिहिलंच आहे. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणि जेवण उशिरा उतरतं म्हणजे शुगर पण उशिरा चढते, इन्शुलिनची वेळ तीच ठेवली तर मध्येच शुगर खाली जाऊ शकते, हे शुगरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून नक्की विचारा. पोटाचा रिपोर्ट पोटाच्या डॉक्टरांच्याच फाइलमध्ये राहतो आणि हे राहून जातं.


उंटावरचा_शहाणा:

बायकोचा हायडा झाला, ५२ टक्के, म्हणजे पित्ताशय ठीक. दुखणं तसंच आहे. आता नवीन धागा काढतो.